चान्या ठेवायच्या कुठे?

तिसऱ्या वर्षाच्या वर्गात दलित आत्मकथने शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, चान्या वाळवल्यावर ठेवायच्या कुठे?" वेदना, विद्रोह, नकार अशा शब्दांनी मी फळा भरून टाकला होता. त्यात या प्रश्नाला जागा नव्हती. वास्तविक माझ्या आजीच्या घरात त्या कुठे असत हे मी पाहिलेले आहे. आढ्याला टांगलेल्या गाडग्यात, तोंडाला फडके बांधून. उंदीर, मांजर आणि ओल या तिघांपासून दूर.

दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) घ्या की बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) घ्या. मेलेल्या जनावराच्या मांसाचे प्रसंग आपल्या समीक्षेने भुकेचे पुरावे म्हणून वाचले. ते पुरावे आहेतच. परंतु मांसाच्या लांब, पातळ पट्ट्या कापणे, त्या दोरीवर उन्हात घालणे, कावळ्या-घारींवर पोरांना राखण बसवणे आणि कडक झालेले तुकडे पावसाळाभर पुरवणे ही एक व्यवस्था होती, आणि ती बायकांच्या डोक्यात होती. पांढरपेशा समीक्षकाला तिथे किळस दिसली, आमच्या समीक्षकाला वेदना दिसली. गाडगे कोणालाच दिसले नाही.

याउलट कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' (१९७०) पाहा. वाटी-चमच्याचे माप देऊन या पुस्तकाने नवशिक्या सुनांची मोठीच सोय केली, हे मान्य केले पाहिजे. पण कोणत्याही पाककृतीच्या मागे एक भरलेले फडताळ गृहीत धरलेले असते. 'चिमूटभर हिंग' असे लिहिताना हिंगाची डबी घरात आहे, हे लेखिकेला सांगावे लागत नाही. आमच्या घरात डब्यांची रांग नव्हती, कारण रांगेत लावण्याइतके काही शिल्लक राहत नव्हते. जातिव्यवस्थेसाठी मराठीने 'उतरंड' हा शब्द स्वयंपाकघरातूनच उचलला आहे. एकावर एक मडकी. सर्वांत खालच्यावर सगळ्यांचे ओझे, आणि वरची उतरवल्याशिवाय त्याच्यापर्यंत हात पोचत नाही. हा शब्द आपण भाषणांतून सर्रास वापरतो. मात्र ज्यांच्या घरी उतरंड रचण्याइतके धान्यच नव्हते, त्यांची मांडणी काय होती, हे कोणी विचारीत नाही.

शाहू पाटोळे यांनी ते विचारले. 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांचे पदार्थ त्यांनी कृतींसह नोंदविले. शीर्षकातला तो एक 'अ' मला कित्येक विद्रोही कवितासंग्रहांपेक्षा मोलाचा वाटतो.

येथे एक सावधगिरी मात्र हवी. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृतमांस सोडा असे सांगितले, ते चवीविरुद्ध नव्हते. मेलेले जनावर ओढणे हे जातीने लादलेले काम होते आणि ते मांस त्या कामाचा मोबदला होता. तो मोबदला नाकारणे म्हणजे ते काम नाकारणे. म्हणून आज कोणी चान्यांचा 'पारंपरिक पदार्थ' म्हणून महोत्सव भरवू लागला, तर मी तिकीट काढणार नाही. आजीच्या कौशल्याला दाद देणे वेगळे, आणि ज्या लाचारीने ते शिकवले तिला दाद देणे वेगळे. आमच्या समीक्षेला ही रेघ ओढता आली पाहिजे.

कारण प्रश्न गाडग्यापाशी संपलेला नाही. २०१५ साली महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी कायदा बैलापर्यंत वाढला आणि परराज्यात कापलेले असे मांस जवळ बाळगणेही गुन्हा ठरले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हे परराज्यातील मांसाबद्दलचे कलम रद्द केले. दरम्यान सप्टेंबर २०१५ मध्ये उत्तर प्रदेशात दादरीजवळ मोहम्मद अखलाक यांना जमावाने ठार केले आणि त्यांच्या फ्रिजमध्ये काय होते यावर देशभर चर्चा झाली. माणूस कोणी मारला यापेक्षा मांस कसले होते याचीच!

मी शहरात भाड्याच्या घरात राहतो. घर देताना मालकांनी 'खाण्यापिण्याचे' विचारून घेतले, मी मोघम उत्तर दिले. कधीमधी म्हशीचे मटण आणतो, ते कायद्यात बसते. तरीही बायको तो डबा फ्रीजरमध्ये अगदी मागे ठेवते आणि पुढे मटारची पिशवी लावते. आई गावाहून आली की ती पिशवी बाजूला करून डबा पुढे ओढते. आई झोपल्यावर बायको तो पुन्हा मागे सारते. या दोघींपैकी कोणाला काय सांगावे, हे मला अजून सुचलेले नाही.