सें-त्रोफीमच्या ओवरीत

दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल शहरात एकच दुपार हाताशी असेल, तर रोमन रंगमंडल बाहेरून पाहावं आणि सें-त्रोफीमच्या मठात आत जावं, असं माझं ठाम मत आहे. रंगमंडल डावं आहे म्हणून नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाअखेरचं, १३६ मीटर लांबीचं, एकावर एक अशा दोन मजल्यांत साठ-साठ कमानी फिरवलेलं ते बांधकाम छाती दडपून टाकतं. वीसेक हजार प्रेक्षक तिथे बसत. पण त्याची भव्यता एका प्रदक्षिणेत पुरती उमगते. त्यावर उभे असलेले मध्ययुगीन बुरूज तेवढे न चुकता पाहावेत. साम्राज्य गेल्यावर लोकांनी याच कमानींचा तट केला आणि आत दोनशेहून जास्त घरं वसवली. ती हटवायला सुरुवात झाली १८२५ मध्ये.

सें-त्रोफीम मात्र सावकाश वाचावं लागतं. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं त्याच्या चर्चचं महाद्वार रोमन विजयकमानीच्या घाटाचं आहे. कमानीखालच्या अर्धवर्तुळात सिंहासनावर ख्रिस्त, भोवती माणूस, गरुड, सिंह आणि बैल ही चार शुभवर्तमानकारांची प्रतीकं. त्याखाली ओळीनं बसलेले बारा शिष्य. खरी गंमत त्यांच्या दोन बाजूंना आहे. आपल्या डाव्या हाताला पुण्यवंत, अंगभर वस्त्रं ल्यालेले, ख्रिस्ताकडे चाललेले. उजवीकडे पापी, उघडेनागडे, साखळीत जखडलेले, त्याच्यापासून दूर जाणारे. दोन्ही रांगांची चाल जवळपास एकाच लयीत आहे. फरक आहे तो दिशेचा आणि वस्त्रांचा. एवढ्या थोडक्या साधनांत अंतिम निवाडा सांगणारा तो अनाम शिल्पी मला फार मोठा वाटतो.

मागच्या चौकाभोवती चार ओवऱ्या आहेत. उत्तरेकडची आणि पूर्वेकडची बाराव्या शतकातली, उरलेल्या दोन चौदाव्या शतकातल्या गॉथिक शैलीच्या. वायव्य कोपऱ्यातल्या जाड खांबाशी थांबावं. तिथे पीटर आणि जॉन यांच्यामध्ये संत त्रोफीम उभा आहे. त्यांच्या अंगरख्यांच्या चुण्या पाहा. कापड जड आहे, त्याखाली गुडघा जाणवतो, उभं राहण्यात भार आहे. ही जाण शिल्प्यांना मिळाली कुठून? शहराबाहेरच्या आलिस्कां या रोमन दफनभूमीत कोरीव दगडी शवपेट्यांच्या रांगा त्यांच्या डोळ्यांसमोरच होत्या. याच चर्चमध्ये चौथ्या शतकातली अशी एक शवपेटी आहे, तांबडा समुद्र ओलांडण्याचा प्रसंग कोरलेली. ती पाहून पुन्हा या खांबाकडे यावं. मधल्या आठ शतकांत छिन्नीला हे वळण कुठून लाभलं, ते मग कोणी समजावून सांगायला नको. रंगमंडलात रोम अवशेष होऊन उरलं आहे. इथे ते हातात उतरलं आहे. माझी निवड ठरते ती यामुळेच.

त्याच कोपऱ्यात पुनरुत्थानाच्या प्रसंगात थडग्याकडे निघालेल्या स्त्रिया आहेत आणि त्यांना सुगंधी द्रव्यं विकणारे व्यापारीही. इतक्या मोठ्या घटनेत बाजाराला जागा द्यावी, हे मला अतिशय लोभस वाटतं.

गॉथिक ओवऱ्यांत संत मार्था आणि तारास्क नावाचा राक्षसी प्राणी भेटतो. काम नाजूक आहे, पण दगडाचं वजन त्यात उरलेलं नाही. तिथे फार रेंगाळू नये.

वेळ उरलाच तर आलिस्कांला जावं. व्हॅन गॉग आणि गोगँ यांनी १८८८च्या शरदात ती झाडांची वाट रंगवली. मात्र उत्तम कोरीव शवपेट्या आता ऱ्होनकाठच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. तेव्हा दुसरं तिकीट काढायचंच झालं, तर त्या संग्रहालयाचं काढावं.