जीसीएस 3 म्हणजे नेमकं काय?

समजा, पावसाळ्याचे दिवस आहेत आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या एखाद्या दवाखान्यात शेजारशेजारच्या खाटांवर दोन रुग्ण आहेत. एकाचा फाल्सिपेरम हिवताप मेंदूपर्यंत पोचलाय. दुसरा रात्री जमिनीवर झोपला होता, त्याला मण्यार चावली. चावल्याचं फारसं कळलंही नाही. पहाटे पोट दुखायला लागलं, मग पापण्या मिटल्या, आता श्वास थकत चाललाय. दोघंही डोळे उघडत नाहीत, बोलत नाहीत, चिमटा काढला तरी हलत नाहीत. दोघांच्या केसपेपरवर एकच आकडा येतो, जीसीएस 3. बाहेर नातेवाइकांना सांगितलं जातं, 'बेशुद्ध आहे'.

यातला दुसरा कदाचित तुमचं सगळं बोलणं ऐकतोय.

असं का, ते बघा. 1949 मध्ये मोरुझी आणि मॅगून यांनी भूल दिलेल्या मांजरांच्या मेंदूच्या देठातल्या जाळीसारख्या भागाला विजेने चेतवलं, तेव्हा मेंदूच्या लहरी जागेपणीच्या झाल्या. जाग तिथून वर चढते. मेंदूच्या हिवतापात बाधित रक्तपेशी मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांना चिकटतात आणि सगळी व्यवस्थाच ढासळते. मण्यारीचं विष काम करतं ते भलतीकडेच, मज्जातंतू आणि स्नायू भेटतात त्या सांध्यावर. तिथे अ‍ॅसिटिलकोलीन सुटत नाही. मेंदू जागा असतो, हुकूम सोडतो, पण स्नायूपर्यंत काही पोचत नाही.

आता ग्लासगो मोजपट्टी. टीसडेल आणि जेनेट यांनी ती 1974 मध्ये मांडली. डोळे, बोलणं, हालचाल: तिन्ही स्नायूंच्याच खुणा! डोक्याला मार लागलेल्या रुग्णासाठी ती उत्तम आहे, माझा वाद तिच्याशी नाही. वाद आहे तो बेरजेशी. मूळ लेखात बेरीज नव्हतीच, ती नंतर रूढ झाली. गंमत म्हणजे याच जेनेट यांनी 1972 मध्ये फ्रेड प्लम यांच्यासोबत 'जाग आहे, पण भान नाही' या अवस्थेला नाव दिलं होतं. अरुणा शानबाग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये ज्या अवस्थेची चर्चा केली, ती हीच. मण्यारीचा रुग्ण बरोब्बर उलटा: भान आहे, पण दाखवायला एक पापणीही हाताशी नाही. आपल्या भाषेत जाग, भान, शुद्ध असे वेगळे शब्द असताना केसपेपरवर सगळं एकाच आकड्यात कोंबायचं, हे मला पटत नाही.

टॉर्चवरही भरवसा नको. या विषाने बाहुल्या मोठ्या होऊन प्रकाशाला दाद देईनाशा होतात, म्हणजे मेंदू मेल्यासारखं दिसतं. ईईजी काढला तर जागेपणीच्या लहरी दिसू शकतात, पण ते यंत्र सगळीकडे कुठे असतं? प्रतिविष दिलं तरी बिघडलेली मज्जातंतूंची टोकं लगेच सुधारत नाहीत, त्याला काही दिवस जातात. तेवढे दिवस कृत्रिम श्वास चालू राहिला, तर हाच 'जीसीएस 3' उठून बसू शकतो. आणि त्या दिवसांत खाटेशेजारी कोण काय बोललं, हेही सांगू शकतो.