‘मॅग्नेटोकेमिस्ट्री’: एका ग्रंथाचे पुनर्वाचन

शांतिस्वरूप भटनागर व के. एन. माथुर यांचा चुंबकीय रसायनशास्त्रावरील इंग्रजी ग्रंथ 1935 मध्ये लंडनच्या मॅकमिलनने प्रसिद्ध केला. उर्दूत कविता करणाऱ्या भटनागरांनी माथुरांसह 1928 मध्ये चुंबकीय ग्रहणशीलता मोजणारा व्यतिकरण तराजू तयार केला होता. मोजमापाचा हा अनुभव ग्रंथामागे उभा आहे.

ग्रंथाला काळाची मर्यादाही आहे. कॉपर अ‍ॅसिटेटचे उदाहरण पाहावे. तांब्याच्या द्विसंयुजी आयनात एक अयुग्मित इलेक्ट्रॉन असतो. सूत्राप्रमाणे परिबल 1.73 बोर मॅग्नेटॉन यावे. घन स्फटिकात मात्र सामान्य तापमानाला ते सुमारे 1.4 भरते आणि थंड केल्यास आणखी घटते. गुहा यांच्या 1951 च्या मोजमापानंतर ब्लीनी व बॉवर्स यांनी 1952 मध्ये कारण स्पष्ट केले. स्फटिकात तांब्याचे आयन जोडीने असतात आणि परस्परांचे चुंबकत्व खोडतात. विरल जलीय द्रावणात ही जोडी सुटते व परिबल नेहमीच्या मूल्यावर येते. हे उत्तर 1935 च्या ग्रंथात असणे शक्यच नव्हते.

दोष आहे तो आजच्या अध्यापनाचा. प्रात्यक्षिकाच्या वहीत एक घन नमुना, एक सूत्र व एक आकडा असतो. मेळ बसला नाही की चूक विद्यार्थ्याची ठरते. वास्तविक न जुळणारा आकडाच पदार्थाची रचना सांगत असतो. भोपाळमधील ‘अ‍ॅम्प्री’ ही प्रयोगशाळा भटनागरांनी घडवलेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचीच आहे. त्या शहरातील महाविद्यालयांनी तरी एकच लवण घन व द्रावण अशा दोन्ही रूपांत मोजून पाहावे. ग्रंथाचे खरे वाचन तेच ठरेल.