लेखनिक आणि कर्तृत्व

महाविद्यालयीन परीक्षेत अंध विद्यार्थी, किंवा ज्याचे हात लिहिण्यास समर्थ नाहीत असा विद्यार्थी, आपले उत्तर तोंडाने सांगतो आणि दुसरी व्यक्ती ते कागदावर उतरविते. या व्यक्तीस आपण लेखनिक म्हणतो. लेखनिक मिळणे हा आता कोणाच्या कृपेचा विषय राहिलेला नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या सतराव्या कलमात, परीक्षापद्धतीत करावयाच्या बदलांमध्ये, वाढीव वेळेच्या जोडीने लेखनिकाचा स्पष्ट उल्लेख आहे. परंतु लेखनिक कोण असावा, हे ठरविताना परीक्षायंत्रणेने कर्तृत्वाची जी कल्पना गृहीत धरली, ती तपासणे हे मुख्यतः वाङ्मयाच्या अभ्यासकाचे काम आहे. सांगणारा एक आणि लिहिणारा दुसरा असेल तर ग्रंथ कोणाचा, हा प्रश्न मराठी वाङ्मयाच्या आरंभापासून आपल्यापुढे आहे. त्याचे परंपरेने दिलेले उत्तर परीक्षेच्या नियमांहून अधिक विचारपूर्वक आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रथम नियमांचा इतिहास पाहू. केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने फेब्रुवारी २०१३ मध्ये लेखी परीक्षांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. लेखनिकाच्या शिक्षणाची, गुणांची वा वयाची अट घालू नये. गैरप्रकार टाळण्यासाठी पर्यवेक्षण दृढ करावे, अशी त्यांची भूमिका होती. ऑगस्ट २०१८ च्या सूचनांत ही भूमिका बदलली. उमेदवाराने स्वतःचा लेखनिक आणल्यास त्याची शैक्षणिक पात्रता उमेदवाराच्या पात्रतेहून एक पायरी खाली असावी, असे तेथे म्हटले गेले. पुढे ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लेखनिकाचा हक्क चाळीस टक्क्यांच्या प्रमाणपत्रापुरता मर्यादित नसल्याचा निर्णय दिला. हक्काची कक्षा अशी रुंदावली. पण ‘एक पायरी खाली’ या कल्पनेमागचा संशय काही त्यामुळे निवाला नाही. तो संशय असा की, जाणता लेखनिक हा उत्तराचा छुपा कर्ता होऊन बसतो.

ज्ञानेश्वरीच्या उपसंहारात शके १२१२ ची नोंद आहे आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतल्याचा निर्देशही आहे. लेखनिकाचे नाव ग्रंथातच नोंदविले गेले, तरी कर्तृत्वाविषयी कोणाच्याही मनात संदेह उत्पन्न झाला नाही. ज्या परभणी जिल्ह्यात येलदरी आहे, त्याच जिल्ह्यातील गंगाखेड हे जनाबाईचे गाव. जनाबाईच्या नावावर असलेल्या एका अभंगात निरनिराळ्या संतांच्या लेखनिकांची गणनाच केलेली आहे, आणि जनीचे अभंग लिहिण्याचे काम प्रत्यक्ष पांडुरंगाकडे सोपविलेले आहे. या कथेतील श्रद्धेचा भाग बाजूस ठेवला तरी तिच्यातील वाङ्मयीन जाणीव लक्षणीय ठरते. जात्यावर हात गुंतलेल्या दासीला लाभलेला लेखनिक सर्वज्ञ आहे. तरीही अभंगाच्या अखेरीस नाममुद्रा उमटते ती जनीचीच. ‘एक पायरी खाली’ हा निकष लावायचा म्हटले, तर पांडुरंग पहिल्याच छाननीत अपात्र ठरेल. परंपरेने कर्तृत्व शोधले ते सांगणाऱ्याच्या वाणीत. लिहिणाऱ्याच्या अज्ञानाची हमी तिने कधी मागितली नाही.

याचा अर्थ परंपरा लेखनिकाविषयी भाबडी होती असा नव्हे. लेखनिक ग्रंथ बिघडवू शकतो, हे तिला पक्के ठाऊक होते; मात्र बिघाडाचे कारण तिने निराळे ओळखले होते. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे संशोधन केले, ते मूळच्या शुद्ध ग्रंथात पाठांतरांमुळे अशुद्धता शिरली होती म्हणून. नकलाकार अधिक विद्वान होते म्हणून ग्रंथ भ्रष्ट झाला, असे सरसकट म्हणता येणार नाही. जो शब्द कळत नाही तो ओळखीच्या शब्दासारखा लिहिला जातो, हा हस्तलिखितांच्या प्रत्येक अभ्यासकाचा अनुभव आहे. परीक्षागृहात या अनुभवाला विशेष महत्त्व येते. सांगणारा समोर बसलेला असतो खरा. परंतु तो अंध असेल तर कागदावर काय उतरले हे त्यास दिसत नाही. लेखनिकाने वाचून दाखविलेले ऐकणे, एवढीच त्याची पडताळणी. ‘स्थायीभाव’ आणि ‘संचारीभाव’ हे शब्द ज्याने पूर्वी ऐकलेलेच नाहीत, त्याच्या हातून झालेली चूक वाचनातही झाकली जाईल आणि परीक्षक तिची किंमत विद्यार्थ्याकडून वसूल करील.

मग प्रामाणिकपणाची हमी कशी मिळवावी? येथे महानुभावांचे उदाहरण उपयोगी पडते. म्हाइंभटाने चक्रधरांच्या लीळा ठिकठिकाणी जाऊन, प्रत्यक्ष ऐकणाऱ्यांकडून विचारून मिळविल्या. सांगण्यात भेद आढळला तेथे भिन्न पाठ ‘वासना’ म्हणून जपून ठेवण्याची पद्धती त्या परंपरेत रूढ झाली. कोण काय म्हणाले याची नोंद राखणे, हा या पद्धतीचा गाभा आहे. आजच्या परीक्षेत याचे साधे रूप म्हणजे विद्यार्थ्याच्या कथनाचे ध्वनिमुद्रण करून ते उत्तरपत्रिकेबरोबर जतन करणे. संशय आला तर कथन आणि लेखन ताडून पाहता येईल. लेखनिकास अजाण ठेवण्यापेक्षा हा उपाय अधिक न्याय्य आहे, आणि तो २०१३ मधील पर्यवेक्षणाच्या तत्त्वाशीही जुळतो.

आपल्या आदरातही एक दोष आहे, त्याचा येथे विचार केला पाहिजे. विदर्भातील गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांची दृष्टी शैशवातच गेली. त्यांनी ग्रंथ दुसऱ्यांकडून वाचवून घेतले, दुसऱ्यांस सांगून विपुल लेखन केले, आणि लोकांनी त्यांना ‘प्रज्ञाचक्षु’ ही पदवी दिली. पदवी सुंदर आहे. पण ती दृष्टीच्या अभावाची भरपाई एका अलौकिक शक्तीने झाली असे सुचविते, आणि वाचून दाखविणारे व लिहून घेणारे सारे त्या तेजात अदृश्य होतात. मिल्टनची गोष्ट याहून निराळी नाही. १६५२ पर्यंत त्याची दृष्टी पूर्ण गेली होती. १६६७ साली प्रसिद्ध झालेले ‘पॅरडाइज लॉस्ट’ त्याने इतरांकडून लिहवून घेतले. त्या लिहिणाऱ्यांची आठवण सामान्य वाचकाला क्वचितच असते. संशय आणि चमत्कार या दोन्ही वृत्ती लेखनिकाच्या श्रमाकडे दुर्लक्ष करतात. एकीला तो चोर वाटतो, दुसरीला तो दिसतच नाही.

हे विवेचन येलदरीसारख्या गावातून पदव्युत्तर शिक्षणासाठी निघालेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत लावून पाहावे. पूर्णेचे पाणी येलदरीच्या धरणात साठते, तेथे वीजही निर्माण होते. परंतु शेताकडे जाणारे कालवे खाली सिद्धेश्वरपासून निघतात. अधिनियम हा असा साठा आहे. तो विद्यार्थ्यापर्यंत नेण्याचे काम विद्यापीठाच्या विभागाचे आहे. विषय जाणणारा, परंतु पात्रतेने खालचा, आणि स्वतःची परीक्षा सोडून येण्यास तयार असलेला लेखनिक गावात शोधून आणावा, ही अपेक्षा विद्यार्थ्यावर लादणे म्हणजे साठा दाखवून तहानलेल्यास परत पाठविणे होय.

विभागास करता येण्यासारख्या गोष्टी खर्चिक नाहीत. लेखनिकांची यादी विभागानेच तयार ठेवावी आणि विद्यार्थी व लेखनिक यांची गाठ वर्षारंभी घालून द्यावी. २०१८ च्या सूचनांनी परीक्षेपूर्वी दोन दिवस भेटीची मुभा दिली होती. पारिभाषिक शब्दांची सवय होण्यास तेवढा अवधी पुरत नाही. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका हाताच्या आहेत, वाणीच्या नव्हेत. तेव्हा विद्यार्थ्याने अक्षरे फोडून सांगितली नसतील तर शुद्धलेखनाचे गुण त्याच्या उत्तरातून कापू नयेत. शिवाय पाठ्यसामग्री युनिकोडमध्ये द्यावी. जुन्या संगणकीय टंकांत जुळविलेला किंवा केवळ छायाचित्ररूप असलेला मराठी मजकूर एनव्हीडीएसारख्या विनामूल्य वाचकप्रणालीस नीट वाचता येत नाही. युनिकोडमधील मजकूर ती वाचून दाखविते. ज्याला पुस्तक स्वतः ऐकता येते, त्याचे परीक्षेतील कथनही अधिक निश्चित होते.

मराठीच्या अध्यापकांनी या प्रश्नाकडे कार्यालयीन बाब म्हणून पाहणे त्यांच्या विषयालाच शोभणारे नाही. ज्यांचे आद्य ग्रंथ सांगून लिहविले गेले, त्यांनी सांगून लिहविलेल्या उत्तराला कमी प्रतीचे मानण्याचे कारण नाही. विद्यार्थ्याची वाणी कागदावर यथार्थ उतरली की नाही, एवढाच प्रश्न परीक्षकाने विचारावा. आणि त्यासाठी जाणता लेखनिक नेमावा.