मैत्रीतले ओरखडे

वर्तमानपत्रातली कॉमिक स्ट्रिप थांबली की संग्रह, पेटीबंद आवृत्त्या, चित्रपट, भेटकार्डे असे तिचे दुसरे आयुष्य सुरू होते. या आयुष्यात अलीकडे एक दोष फार बळावला आहे. मैत्रीवर उभ्या असलेल्या जुन्या मालिकांतला विनोद गाळून नुसता जिव्हाळा विकला जातो. वाघाला बिलगलेला केल्विन आणि आपल्या कुत्र्याला, स्नूपीला, कवटाळणारा चार्ली ब्राउन मैत्रीदिनाच्या शुभेच्छांवर सर्रास दिसतात, पण ज्या भांडणांनी त्या मिठीला अर्थ दिला ती कुठेच दिसत नाहीत. म्हणूनच चित्रकार स्वतः जुन्या कामाकडे वळून काय सांगतो, हे नीट वाचायला हवे.

चार्ल्स शुल्झ यांच्या ‘पीनट्स’ची २ ऑक्टोबर १९५० ची पहिलीच पट्टी पाहावी. समोरून जाणाऱ्या चार्ली ब्राउनचे एक मुलगा कौतुक करतो आणि शेवटच्या चौकटीत तो आपल्याला किती नकोसा आहे हे सांगून टाकतो. पुढे जवळजवळ पन्नास वर्षे मालिका याच पायावर चालली. सुखातून विनोद निघत नाही, असे शुल्झ म्हणत. चार्ली लाथ मारणार त्या ऐनवेळी लूसी दरवर्षी चेंडू उचलते आणि चार्ली दरवर्षी तिच्यावर विश्वास ठेवतो, यातले हसू त्या विश्वासाच्या चिवटपणातून येते. २०१५ च्या चित्रपटाने चार्लीला आवडणाऱ्या लाल केसांच्या मुलीच्या तोंडून चार्लीचे गुणगान करवून हा सारा ताण एका प्रसंगात विरघळवून टाकला.

सर्वांत मोलाचे आत्मपरीक्षण बिल वॉटरसन यांचे आहे. केल्विन हा मुलगा आणि हॉब्ज हा त्याचा खेळण्यातला वाघ यांची ‘केल्विन अँड हॉब्ज’ ही मालिका १८ नोव्हेंबर १९८५ ला सुरू झाली आणि ३१ डिसेंबर १९९५ ला, लोकप्रियतेच्या शिखरावर असताना, त्यांनी ती स्वतः थांबवली. त्याच वर्षी आलेल्या दशकपूर्ती संग्रहात त्यांनी निवडक पट्ट्यांखाली टिपणे लिहिली. त्यांत आठवणींचा उमाळा जवळजवळ नाही. कारागीर आपले काम उलटून पाहतो तसे ते पाहतात. मॅक्सकाका हे पात्र फसले, कारण त्याने केल्विनमधले नवे काहीच बाहेर आणले नाही. शिवाय केल्विनच्या आईवडिलांना मालिकेत नावेच नसल्याने काकाला त्यांना हाकही मारता येईना. सुरुवातीला केल्विनला स्काउटच्या पथकात घातले होते. असा मुलगा कुठल्याही संघटनेत जाणार नाही, हे लक्षात आल्यावर तो धागा सोडून दिला. हॉब्जच्या पंजांवरच्या गाद्या नजर विचलित करतात म्हणून त्याही काढल्या.

हॉब्जविषयीचे त्यांचे स्पष्टीकरण तर या कलेच्या समीक्षेत पायाभूत ठरावे. हॉब्ज जादूने जिवंत होणारे खेळणे नाही आणि केल्विनच्या कल्पनेची निर्मितीही नाही; केल्विनला जिवंत वाघ दिसतो, इतरांना खेळणे, आणि मालिका दोन्ही खरे मानते. यातून मैत्रीचा विनोद शक्य होतो. हॉब्ज निव्वळ कल्पना असता तर त्याने होकारापलीकडे काही दिले नसते. प्रत्यक्षात तो केल्विनला टोकतो, मुलींविरुद्धच्या क्लबात बसून शेजारच्या सूझीची स्तुती करतो आणि शाळेतून परतणाऱ्या मित्रावर दारातच झेप घेतो. ही झेप वॉटरसन यांना त्यांच्या मांजरीवरून सुचली होती. एकमेकांना ओरखडे काढल्यावरही दोघे पुन्हा झाडावरच्या घरात जातात, आणि वाचक हसतो तो याच पुनरागमनाला.

इतर सिंहावलोकने याच्या जवळ येत नाहीत. गॅरी ट्रूडो यांनी ‘डून्सबरी’च्या चाळिशीनिमित्त काढलेल्या ग्रंथात राजकारण मागे ठेवून पात्रांचे परस्परसंबंध पुढे आणले, हे योग्यच झाले. लिन जॉन्स्टन यांनी २००८ पासून आपल्या मालिकेच्या जुन्या पट्ट्यांत नव्या मिसळल्या. त्यामुळे जुन्या कामाची कालखूण पुसट झाली. ‘गारफील्ड’ला वळून पाहण्यासारखा भूतकाळच नाही, कारण त्यात काही बदललेच नाही.

वॉटरसन यांनी आपल्या पात्रांची बाहुली, कप, शर्ट असे जवळजवळ काहीही निघू दिले नाही. हा हट्ट ताठरपणा ठरवला जातो; तसे म्हणणाऱ्यांना मालिका कळलेली नाही. दुकानात हॉब्जची बाहुली आली असती तर तो खेळणेच आहे, असा निकाल लागला असता आणि दोन सत्यांचा तोल त्याच दिवशी मोडला असता. परवानगीविना छापल्या जाणाऱ्या चित्रांत तो आजही मोडतो आहे. प्रेमळ ओळीखाली दोन मित्र चिकटवणारा माणूस मालिकेचा चाहता म्हणवतो, पण तो तिचा अर्धा भाग कापून टाकतो.

मराठीतही हा प्रश्न दूरचा नाही. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये आला आणि त्याच्या टोळीत पप्पू-मिनी या दोस्तांइतकाच त्याच्याशी भांडणारा बगळ्याही आवश्यक होता. चिंटूला निरागसतेचे प्रतीक करून मखरात बसवण्याआधी कोणती खोडी जमली, कोणती फसली, कोणते भांडण टाळायला नको होते, याची त्याच्या कर्त्यांची टिपणे पट्ट्यांखाली छापली जायला हवीत. प्रकाशकांनी ती मागावीत आणि वाचकांनी त्यांचा आग्रह धरावा.