चिकलठाणा : गाव की पत्ता?

या मालेत आपण एरवी लिहिलेल्या पुस्तकांची चिकित्सा करतो. आज जे पुस्तक आम्हाला हवं आहे, त्याची आधीच करून ठेवू. विषय चिकलठाणा. हसू नका. विमानतळ चिकलठाण्याचा, औद्योगिक वसाहत चिकलठाण्याची, रेल्वे स्टेशनच्या पाटीवर चिकलठाणा, आणि ज्याला लोक 'मिनी घाटी' म्हणतात ते जिल्हा रुग्णालयही चिकलठाण्याचंच. आता शहरातल्या एखाद्या शिकलेल्या माणसाला या गावाबद्दल चार वाक्यं सलग बोलायला सांगा. 'जालना रोडला, एअरपोर्टच्या पुढं', एवढ्यावर गाडी थांबते. गावाचा पत्ता झाला की असं होतं.

आमचा धंदा तत्त्वज्ञानाचा, त्यामुळे 'मिलिंदप्रश्ना'तला नागसेनाचा रथ आठवणारच. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे. सगळं मिळून जे आहे त्याला व्यवहारापुरतं दिलेलं नाव म्हणजे रथ. गावालाही हा न्याय लावून 'गाव तरी काय, एक नावच' असं म्हणणारे विद्वान भेटतात. युक्तिवाद देखणा आहे, पण त्यात एक खोट आहे. रथाला मत नसतं, घरपट्टी नसते, आणि आपल्या बाजूने रस्ता जावा की जाऊ नये हे रथाला कोणी विचारत नाही. गावाला विचारावं लागतं. निदान विचारायला हवं.

स्थानिक इतिहास लिहायचा म्हटला की आपल्याकडे दोन वाटा तयार असतात. पहिली गॅझेटियरची. निजामाच्या काळातलं १८८४ चं आहे, महाराष्ट्र शासनाचं १९७७ चं आहे. दोन्ही उपयोगाची, आम्ही ती वर्षानुवर्षं चाळली. पण गॅझेटियर गावाकडे जिल्ह्याच्या कचेरीतून बघतं. त्याला अंतर दिसतं, वस्ती दिसते, बाजार दिसतो. बाजारात कोण कोणाशी बोलत नाही, हे दिसत नाही. दुसरी वाट त्रिंबक नारायण आत्र्यांच्या 'गावगाडा'ची, सन १९१५. हे मोठं पुस्तक, यात वाद नाही. तरी आत्र्यांचा गाडा ब्रिटिश मुलखातला, आणि तो गावापुरता पूर्ण आहे: बलुतेदार, अलुतेदार, पाटील, कुलकर्णी. शहराच्या तोंडाशी बसलेल्या गावाला ही चौकट पुरत नाही. त्यातच चिकलठाणा पडलं निजामाच्या मुलखात. इथल्या जुन्या सरकारी कागदांत उर्दू आहे, त्याआधी फारसी आहे, मोडी आहे. नुसत्या मराठीवर हा इतिहास लिहायला बसणारा अर्ध्या कागदांना मुकणार.

तरीही आत्र्यांच्या जगातली दोन माणसं, म्हणजे दोन शब्द, आम्ही सोडणार नाही: पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, काळी म्हणजे शेताची. चिकलठाण्याचा गेल्या साठ-सत्तर वर्षांचा इतिहास एका ओळीत सांगायचा तर काळी गेली आणि पांढरी राहिली. चिकलठाणा आणि शेजारच्या गावांच्या रानात धावपट्टी आली, कारखाने आले. ज्यांची काळी गेली त्यांच्यातले काही त्याच जमिनीवरच्या कारखान्याच्या गेटवर रोजगाराला उभे राहिले, काहींनी खोल्या बांधून भाड्याने दिल्या. कोण कुठे गेलं, हे त्या पुस्तकात घरटी यायला हवं. 'औद्योगिकीकरणाने परिसराचा कायापालट झाला' हे वाक्य ज्या हस्तलिखितात सापडेल ते आम्ही न वाचता परत करू.

आता जरा लांब जाऊ. पॅरिसला लागून ल प्रे-सँ-जेर्वे नावाची एक नगरपालिका आहे. क्षेत्रफळ सुमारे सत्तर हेक्टर. नावातल्या 'प्रे'चा अर्थ कुरण. आमच्याकडे चिखल, तिकडे कुरण, दोघांचीही सुरुवात मातीतच. १८६० साली पॅरिस वाढलं तेव्हा बेलव्हिल, मोंमार्त्रसारखी गावं त्याने पोटात घेतली, प्रे-सँ-जेर्वेचाही एक तुकडा कापून नेला. पण उरलेलं गाव स्वतंत्र राहिलं, आणि आजही तिथे स्वतःचा महापौर आहे, स्वतःची नगरसभा आहे. २५ मे १९१३ रोजी झाँ झोरेस यांनी सक्तीची लष्करी सेवा तीन वर्षांची करण्याच्या कायद्याविरुद्ध तिथेच प्रचंड सभा घेतली होती. फ्रान्समध्ये अशा लहानमोठ्या मिळून पस्तीस हजारांच्या आसपास नगरपालिका आहेत. मुळं १७८९ च्या डिसेंबरातल्या कायद्यात.

आणि त्यांच्याकडे लेखनाचीही एक परंपरा आहे. १९०० च्या जागतिक प्रदर्शनासाठी पॅरिसभोवतीच्या सेन-ए-वाझ विभागातल्या प्राथमिक शिक्षकांनी १८९९ मध्ये आपापल्या गावाची टिपणं लिहिली. प्राध्यापकांनी नव्हे, बघा, शाळामास्तरांनी! ठरलेल्या साच्यातली, थोडी गोडगोड, वरिष्ठांना दाखवायची. पण विहिरी, रस्ते, पिकं, शाळेची हजेरी सगळं त्यांत आहे.

म्हणून लगेच 'फ्रान्स बघा आणि शिका' असं आम्ही म्हणणार नाही. स्वायत्ततेची दुसरी बाजूही तिथेच दिसते. २००० सालच्या कायद्याने शहरी नगरपालिकांवर ठरावीक प्रमाणात परवडणारी घरं ठेवण्याचं बंधन घातलं, तर नॉयी-सुर-सेनसारख्या श्रीमंत उपनगरांनी दंड भरणं पसंत केलं. आपलं गाव आपल्या हाती, म्हणजे गरीब बाहेर ठेवण्याची किल्लीही आपल्या हाती. प्रश्न एवढाच, की किल्ली कोणाकडे आहे हे दिसतं तरी. भांडायला दार सापडतं.

आमच्याकडे ८ डिसेंबर १९८२ रोजी औरंगाबादची महानगरपालिका झाली आणि भोवतालची अठरा गावं हद्दीत आली. चिकलठाणा त्यांतलं एक. ग्रामपंचायत गेली. महापालिकेची पहिली निवडणूक झाली १९८८ मध्ये. मधली वर्षं मोजा. सरपंच गेला आणि नगरसेवक आला नाही, अशी ती वर्षं. पुढे २०२० च्या एप्रिलमध्ये पालिकेची मुदत संपली, आणि पुन्हा कित्येक वर्षं प्रशासक. सातारा-देवळाईला काही काळ स्वतंत्र नगर परिषद मिळाली होती, तीही गुंडाळून महापालिकेत घातली. आमच्या मते या पुस्तकाचं मधलं प्रकरण हेच असायला हवं, आणि त्यात पुराणं नकोत, ठराव हवेत: ग्रामपंचायतीचं शेवटचं इतिवृत्त, गावाची रस्ते-विहिरींची मिळकत कोणत्या यादीने पालिकेकडे गेली ती यादी.

आणखी एक तारीख. २६ एप्रिल १९९३. उड्डाण घेणारं इंडियन एअरलाइन्सचं विमान धावपट्टीच्या टोकाजवळच्या सार्वजनिक रस्त्यावर, कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला धडकलं. विमानातल्या ११८ जणांपैकी ५५ गेले. आपल्या आठवणीत ती 'औरंगाबादची विमान दुर्घटना' आहे. पण जरा थांबून बघा काय एकत्र आलं होतं: मराठवाड्याचा कापूस, गावाचा रस्ता आणि शहराची धावपट्टी. काळीत आलेलं जुनं आणि नवं एकमेकांना इतकं खेटून चाललं होतं की त्यांच्यात काही फुटांचं अंतर उरलं नव्हतं. अपघाताची तांत्रिक चौकशी झाली, ती व्हायलाच हवी. या शेजाराचा इतिहास मात्र वेगळा लिहावा लागेल.

सुखना नदीचं तेच. नदी गावाची, पाण्याचा रंग वसाहतीचा. २०१८ मध्ये नारेगावच्या लोकांनी शहराच्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, त्यानंतर ज्या जागा शोधल्या गेल्या त्यांत चिकलठाणाही आलं. शहराला नको असलेलं आणि शहराला अभिमानाचं असलेलं, विमान आणि कचरा, दोन्ही एकाच गावच्या हद्दीत ठेवायची सोय आपल्याला कशी सुचते, यावर एक प्रकरण सहज होईल.

हे पुस्तक आम्ही लिहिणार नाही. वय झालं, आणि ते काम बाहेरच्याचं नाहीच. ते तिथल्या शाळांतल्या शिक्षकांनी लिहावं, सेन-ए-वाझच्या मास्तरांसारखं, पण साचा मोडून. म्हाताऱ्यांच्या तोंडून शेतांची नावं आधी उतरवून घ्यावीत, गट नंबर नव्हे, नावं. सातबाऱ्याच्या मागचे जुने उतारे काढावेत. उर्दू आणि मोडी वाचणारी जी मंडळी आज इथे आली आहेत, त्यांनी कार्यक्रम संपल्यावर पाच मिनिटं थांबावं.