मोजपट्टी कोणाची?

दलित साहित्याविषयीची आपली चर्चा वर्षानुवर्षे एकाच प्रश्नापाशी घोटाळत राहिली : हे लेखन कलेच्या कसोटीला उतरते काय? विचारणारे बहुधा सवर्ण समीक्षक, खुलासा करणारे आपण. त्या धामधुमीत एक अधिक मुळातला प्रश्न मागे पडला असे मला वाटते. या साहित्यातला माणूस स्वतःला कोणाशी लावून पाहतो? त्याच्या हातातली मोजपट्टी कोणाची?

समाजशास्त्राने याला 'संदर्भसमूह' असे नाव दिले आहे. हर्बर्ट हायमन यांनी १९४२ मध्ये ही संज्ञा रूढ केली. पुढे १९४९ मध्ये स्टाउफर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एक चमत्कारिक गोष्ट आढळली. विमानदलात बढत्या भराभर मिळत, तरी तिथले सैनिक बढतीबद्दल जास्त कुरकुरत. लष्करी पोलिसांत बढती क्वचितच, पण तिथे कुरकूर कमी. कारण साधे आहे. ज्याच्या शेजारचा वर चढला त्याला आपले न चढणे बोचते. कोणीच चढत नसेल तिथे बोचायला काही उरत नाही. माणसाचे दुःख केवळ त्याच्या ताटात काय आहे यावर ठरत नाही, तो कोणाच्या ताटाकडे पाहतो यावरही ठरते.

पण अमेरिकेतला हा सिद्धांत जसाच्या तसा उचलून आपल्याकडे लावता येत नाही. तिथला सैनिक कोणाकडे पाहायचे ते बऱ्याच अंशी स्वतः ठरवतो. आपल्याकडे ते जन्माने ठरवून दिलेले आहे. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले : वर जावे तसा आदर वाढतो, खाली यावे तसा तिरस्कार वाढतो. म्हणजे ही व्यवस्थाच मुळी मोजण्याची व्यवस्था आहे. प्रत्येकाच्या हातात तिने एक पट्टी दिली आणि खाली मोजायला कोणीतरी ठेवला. वरच्याचा जाच सोसण्याचे बळ खालच्याकडे पाहून मिळते, म्हणून सगळे एकत्र येऊन ही उतरंड मोडत नाहीत.

ही पट्टी फेकून देण्याचा इतिहासही आपल्याकडे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गोपाळबाबा वलंगकर सरकारकडे दाद मागताना महार हे पूर्वीचे क्षत्रिय असल्याचे मांडत होते. मागणी न्यायाची होती, माप मात्र वर्णाचेच होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत बदला, जातीची ओळख पटवणारे दागिने टाका असे सांगितले. हा उपदेश वरवर अनुकरणाचा दिसतो आणि काही अभ्यासक त्याला संस्कृतीकरणाच्या खात्यात टाकून मोकळे होतात. मला ते पटत नाही. अंगावरची खूण पुसणे आणि वरच्या जातीत घुसू पाहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला तर पट्टीच बदलली. ओवेन लिंच या अमेरिकन अभ्यासकाने आग्र्याच्या जाटवांवर १९६९ साली जे पुस्तक प्रसिद्ध केले त्यात हेच वळण नोंदले आहे : आधी यदुवंशी क्षत्रिय असल्याचा दावा, मग तो सोडून बौद्ध आणि नागरिक म्हणून उभे राहणे.

आता साहित्याकडे येतो. बाबुराव बागुलांच्या १९६३ च्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेत दोन माणसे शेजारी उभी आहेत. निवेदक जात लपवून सवर्ण कामगारांत वावरतो; काशीनाथ आपली जात उघड सांगतो आणि चाकूही बाळगतो. वर्गात ही कथा शिकवताना मुले हटकून काशीनाथच्या बाजूला जातात, आणि ते साहजिक आहे. पण निवेदकाला भित्रा म्हणून निकालात काढणे हे उथळ वाचन आहे. तो स्वातंत्र्यानंतरच्या नव्या देशाच्या नागरिकाशी स्वतःला लावून पाहतो. तो देश त्या वस्तीत अजून पोचलेलाच नाही, म्हणून त्याला मार बसतो. मारणाऱ्यांऐवजी तो मनूला दोषी धरतो तेव्हा बागुलांनी पट्टी कोणी बनवली तेच सांगितले आहे.

दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) ही दोन माणसे एकाच अंगात शिरली आहेत. दगडू मारुती पवार आपली कहाणी पांढरपेशा दया पवारला ऐकवतो. दगडूला वस्ती मोजते, दयाला कचेरी मोजते आणि दोन्हीकडे तो अपुराच ठरतो. पुस्तक आले तेव्हा आपल्यातल्याच काही सुशिक्षितांनी लक्तरे वेशीवर टांगली म्हणून नाक मुरडले. लोक काय म्हणतील, हीच त्यांची धास्ती. हे लोक कोण? शेजारच्या टेबलावरचा सवर्ण सहकारीच ना!

अशा सुशिक्षितांना आपण 'दलित ब्राह्मण' म्हणून हिणवतो. १८ मार्च १९५६ ला आग्र्याच्या सभेत खुद्द बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दल खंत बोलून दाखवली होती, तेव्हा टीकेला आधार आहे. तरी हा शब्द मला खटकतो. शिवी देतानाही आपण ब्राह्मणाचीच पट्टी वापरतो. फ्लॅट घेतला, मुलाला इंग्रजी शाळेत घातले म्हणजे माणूस ब्राह्मण झाला, असे म्हणणाऱ्याने घर आणि शाळा या वस्तू ब्राह्मणाच्या मालकीच्या मानल्या आहेत. वस्तीशी नाते तोडले, हा आरोप करा. तो खरा असेल तर पुरेसा जड आहे.

आणि खाली मोजण्याचे काय? त्याबद्दल आपल्या समीक्षेत फार कमी बोलले गेले. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग मुलीने १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये लिहिलेल्या निबंधात ते सरळ सांगितले होते : काही महारही ब्राह्मणांसारखेच मांगाला हलके लेखतात, त्याच्या सावलीचाही विटाळ धरतात. चौदा वर्षांच्या मुलीला जे दिसले ते सांगायला आपण अजून कचरतो. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सहा विरुद्ध एक अशा मताने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मान्यता दिली. तेव्हापासून कार्यकर्त्यांच्या बैठकांत मी दोन वाक्ये ऐकतो. नोकरीतला बौद्ध म्हणतो, आम्हाला तरी काय मिळाले? मातंग कार्यकर्ता म्हणतो, सगळे तुम्हालाच मिळाले. दोघेही खोटे बोलत नाहीत. पहिला सवर्ण अधिकाऱ्याकडे पाहून बोलतो, दुसरा पहिल्याकडे पाहून. पहिल्याने दुसऱ्याच्या बोलण्याला मत्सर म्हणणे मला मान्य नाही. ज्याच्या शेजारचा वर चढला त्याची ती बोच आहे, आणि आपण सवर्णांपुढे जी तक्रार मांडतो तीच ती आहे. निवाड्यातल्या कायद्याच्या बाजूविषयी मतभेद जरूर असावेत, माझेही आहेत. पण ते मांडण्यापूर्वी मुक्ता साळवेचा निबंध त्या बैठकीत मोठ्याने वाचला जावा, आणि वाचणारा बौद्ध असावा.